मैदानाचे मानकरी

कोंकणांत शिमग्याची पालखी सहाणेवर येऊन बसते, तेव्हां पाहणाऱ्यांचे डोळे पालखीवर खिळलेले असतात. परंतु गांवचीं भांडणें पालखीच्या शोभेवरून होत नाहींत, तीं तिच्या तयारीवरून होतात. होळीचें झाड कोणी तोडावयाचें, तें कोणत्या वाडीनें उचलावयाचें, सहाण कोणी सारवावयाची, मशालीस तेल कोणी घालावयाचें, ढोल कोणी वाजवावयाचा, पालखीस पहिला खांदा कोणी द्यावयाचा,—हीं सर्व कामें आहेत, आणि कष्टाचीं कामें आहेत. तरी कोंकणी मनुष्य त्यांस काम म्हणत नाहीं, 'मान' म्हणतो. ज्याच्याकडे मान तो मानकरी. मान हुकला म्हणून भाऊबंद वर्षानुवर्षें एकमेकांशीं बोलत नाहींत, आणि प्रसंगीं वाद कोर्टाची पायरीहि चढतात. रत्नागिरीस बारा वाड्यांच्या भैरीचा शिमगा लहानपणापासून पाहिलेल्या मनुष्याच्या मनांत यामुळें एक समजूत पक्की होऊन बसते: जें दिसतें तेवढाच उत्सव नव्हे, उत्सव म्हणजे कामाची वांटणी, आणि त्या वांटणीची सर्वांस असलेली आठवण.

ही समजूत बाळगून क्रीडाविषयक वाङ्मय वाचावयास बसलें म्हणजे मोठा विस्मय वाटतो. या वाङ्मयांत सामना असतो, सामन्याची तयारी नसते. पहांटे मैदान जणूं आपोआप हिरवें होतें, खेळपट्टी भुईंतून उगवते, आणि हजारों माणसें आपापल्या जागीं कशीं येऊन बसलीं याचें कोणास कोडें पडत नाहीं. खेळाडूच्या मनगटाचें वर्णन करतांना आमचे क्रीडालेखक कवींशीं स्पर्धा करतात. पण त्या मनगटापुढें चेंडू ज्या उंचीनें आला ती उंची कोणी कमावली, हा प्रश्न त्यांच्या लेखणीस शिवत नाहीं. अलीकडे मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या 'पडद्यामागील' हकीकती लिहिण्याची चाल पडली आहे, हें खरें. पडदा वर जातो. आंत दिसतो तो मात्र बहुधा दुसरा एक रंगमंच, आणि त्यावर बैठका, ठराव, मतदान यांचें दुसरें एक नाटक. त्याच्याहि मागें कांहीं आहे कीं नाहीं, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या जातीचा एक महत्त्वाचा ग्रंथ एका नागपूरकराच्या हातचा आहे. एन. के. पी. साळवे हे १९८२ ते १९८५ पर्यंत भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. १९८७ सालीं भारत व पाकिस्तान या दोन देशांनीं मिळून जी विश्वचषक स्पर्धा भरविली, तिची कथा त्यांनीं त्याच सालीं 'द स्टोरी ऑफ द रिलायन्स कप' या नांवानें इंग्रजींत प्रसिद्ध केली. त्या कथेचा उगम आतां दंतकथेइतका सर्वतोमुखीं झाला आहे. १९७५, १९७९ आणि १९८३ या तिन्ही विश्वचषक स्पर्धा इंग्लंडांत झाल्या. २५ जून १९८३ रोजीं लॉर्ड्सच्या मैदानावर अंतिम सामना होता आणि त्यांत, कोणाच्या स्वप्नींहि नसतां, भारताचा संघ होता. साळव्यांनीं दोन जादा तिकिटें मागितलीं. तीं मिळालीं नाहींत. आपला संघ जगज्जेता झाला त्या सामन्यास आपल्या मंडळाच्या अध्यक्षास दोन जागा मिळूं नयेत, हें शल्य त्यांस बोंचलें. पाकिस्तानच्या मंडळाचे अध्यक्ष एअर मार्शल नूर खान यांच्याशीं बोलतां बोलतां, 'ही स्पर्धा आपल्याच देशांत कां भरवूं नये?' हा विचार निघाला, आणि चार वर्षांनीं तो कोलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर प्रत्यक्षांत उतरला.

कथा सुरस आहे आणि ती खोटी नाहीं. परंतु आमच्या मैदानांचा इतिहास चाळणाऱ्यास येथें एक योगायोग थांबवितो. मुंबईचें वानखेडे मैदानहि तिकिटांच्याच भांडणांतून जन्मास आलें. त्यापूर्वीं मुंबईचे कसोटी सामने ब्रेबोर्न मैदानावर होत. तें मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचें. आणि सामन्याच्या किती जागा क्लबानें मुंबईच्या क्रिकेट संघटनेस द्याव्या यावरून दोहोंचें फाटलें. संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनीं ईर्षेनें स्वतःचें मैदान उभारावयास घेतलें. शशी प्रभु या स्थापत्यविशारदानें त्याचा आराखडा केला. आणि सुमारें तेरा महिन्यांत बांधकाम उरकून २३ जानेवारी १९७५ रोजीं त्यावर वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना सुरू झाला. वानखेडे विदर्भांतले, साळवेहि विदर्भांतले. दोघेहि राजकारणांत मुरलेले. दोघांसहि नकार मिळाला तो दुसऱ्याच्या दारांत. आणि दोघांनींहि त्या नकाराचें उत्तर स्वतःचें दार बांधून दिलें.

या दोन्ही कथांचा सांचा आमच्या ओळखीचा आहे. तो चाणक्याच्या शेंडीचा सांचा आहे. भर सभेंत अपमान होतो, शेंडीची गांठ सुटते, प्रतिज्ञा होते, आणि नंदकुळाचा उच्छेद झाल्यावर गांठ पुन्हां बांधली जाते. हा सांचा इतका घट्ट आहे कीं, त्यांत घातलेली कोणतीहि हकीकत आपोआप वीरकथा बनते. त्याचा गुण असा कीं, ज्या गोष्टीस शेंकडों माणसांचे हात लागले तिला एक मन, एक कारण आणि एक नायक मिळतो. त्याचा दोषहि नेमका हाच. अपमानानें संकल्प उत्पन्न होतो. त्यानें गवत उगवत नाहीं.

१९८७ च्या स्पर्धेसंबंधानेंच पाहूं. संकल्पापासून सिद्धीपर्यंत काय काय करावें लागलें? प्रथम मतें मिळवावीं लागलीं. आंतरराष्ट्रीय परिषदेंत पूर्ण सभासदांस दोन मतें व सहसभासदांस एक मत असे. इंग्लंड देऊं करीत होतें त्याहून अधिक रक्कम सहसभासद राष्ट्रांस देऊं करून भारत-पाकिस्ताननें १९८४ सालीं तीं मतें आपल्याकडे वळविलीं. मग पैसा उभा करावा लागला, आणि तो देणाऱ्या रिलायन्स कंपनीचें नांव चषकास मिळालें. इंद्रजितसिंग बिंद्रा आणि जगमोहन दालमिया यांसारख्या व्यवहारकुशल माणसांची ती पहिली मोठी कसोटी होती. शिवाय दोन यजमानांचे संबंध असे कीं, १९८६-८७ च्या हिंवाळ्यांत त्यांचीं सैन्यें सरहद्दीवर एकमेकांसमोर उभीं होतीं. सामने २७, मैदानें २१. त्यांतलीं १४ भारतांत, ७ पाकिस्तानांत. इंग्लंडच्या उन्हाळ्यांत संध्याकाळ लांबते, आपल्याकडे ऑक्टोबरांत दिवस आंखूड. म्हणून डाव ६० षटकांवरून ५० षटकांवर आणावा लागला. आज सारें जग जो पन्नास षटकांचा सामना हा सृष्टिनियमच समजून पाहतें, त्यामागें आमच्या सूर्यास्ताची वेळ आहे! एवढा एकच तपशील ध्यानांत घेतला तरी तयारीचा इतिहास हा खेळाच्याच इतिहासाचा गाभा कसा असतो, हें कळून येईल.

साळव्यांच्या ग्रंथाचें मोल हेंच कीं, हा सर्व उद्योग ज्यानें शिरावर घेतला तोच येथें सांगणारा आहे. आमच्याकडे कर्ते पुरुष लिहीत नाहींत आणि लिहिणारे पुरुष बहुधा कांहीं करीत नाहींत. त्या मानानें अध्यक्षानें वर्ष संपण्यापूर्वींच हिशेब मांडून ठेवावा, ही गोष्ट आदरास पात्र आहे. परंतु अध्यक्षाच्या खुर्चींतून जेवढें दिसतें तेवढेंच दिसतें. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजीं साळव्यांच्याच नागपुरांत, न्यूझीलंडविरुद्ध, चेतन शर्मानें तीन चेंडूंवर तीन त्रिफळे उडविले,—विश्वचषकांतील ती पहिली हॅट्ट्रिक,—आणि सुनील गावसकरनें एकदिवशीय सामन्यांतलें आपलें एकमेव शतक केलें. हें अनेकांनीं अनेकदां लिहिलें आहे. सकाळीं त्या बावीस यार्डांवर शेवटचा रूळ कोणी फिरविला, हें मात्र कोणी लिहिलेलें आमच्या वाचनांत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, रूळ फिरविण्यांत लिहिण्यासारखें असें काय आहे? या प्रश्नांतच आमच्या वाङ्मयाची खरी उणीव उघडी पडते. रूळ फिरविणें ही हमाली आहे, विद्या नव्हे, असें आम्ही गृहीत धरलें आहे. वस्तुतः माती ओली असतां रूळ फिरला तर ती रुळास चिकटून वर येते. सुकल्यावर फिरला तर दाब आंत उतरत नाहीं, वरचा पापुद्रा तेवढा तडकतो. या दोहोंमधली घटका ओळखणें, पाणी किती खोल मुरलें हें आंगठ्यानें दाबून ताडणें, गवताचीं मुळें मातीस धरून राहतील पण पातें चेंडूस अडविणार नाहीं इतकेंच तें कापणें, समुद्राकडचा वारा कोणत्या प्रहरीं ओल उडवून नेईल याचा अंदाज बांधणें,—याला विद्या म्हणावयाचें नाहीं तर कशाला? वैद्याची नाडीपरीक्षा आणि माळ्याची मातीपरीक्षा यांत ज्ञानाच्या दृष्टीनें उच्चनीच भाव नाहीं. भेद आहे तो पगाराचा आणि जातीचा.

जातीचा शब्द निघाला तो सहज निघाला नाहीं. भारतीय क्रिकेटमधील पहिला थोर गोलंदाज हा अशाच रूळ ओढणाऱ्या नोकरांतून निघाला. पालवणकर बाळू यांचें आडनांव कोंकणांतल्या पालवण गांवावरून पडलेलें, जन्म धारवाडचा, जात चांभाराची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ते पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत चाकरीस होते. पगार महिना चार रुपये. काम खेळपट्टी झाडणें, तिजवर रूळ फिरविणें, जाळीं बांधणें, आणि साहेबांस सरावासाठीं तासचे तास गोलंदाजी करणें. ग्रेग नांवाचा अधिकारी त्यांच्या गोलंदाजीवर सराव करून करून नामांकित फलंदाज झाला. त्यास बाद केल्याबद्दल तो बाळूंस दर खेपेस आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. बॅट मात्र त्यांच्या हातीं कोणी दिली नाहीं. ती साहेबांची मिरास होती.

पुढें हेच बाळू पुण्याच्या हिंदु संघांत, आणि मग मुंबईच्या परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले. पुण्यास मैदानावर ते संघाचे आधारस्तंभ, आणि चहाच्या वेळीं मात्र मंडपाबाहेर मातीच्या परळांतून चहा पिणारे अस्पृश्य. कातड्याचा चेंडू त्यांच्या हातून ब्राह्मणाच्या हातीं जातां विटाळत नव्हता. पेला विटाळत होता! १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं सर्व हिंदुस्थानचा म्हणून पहिला संघ इंग्लंडास गेला. पारशी, हिंदु, मुसलमान अशा तोलानें तो निवडला होता. महाराज राज्यारोहणाच्या समारंभांत रमले. सामने बहुतेक हरले. आणि त्या साऱ्या दौऱ्यांत ज्याच्याकडे बोट दाखवावें असा एकच पुरुष निघाला. बाळूंनीं सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले.

आमचें अनुमान असें कीं, बाळूंच्या गोलंदाजीचें मूळ त्यांच्या रुळांत होतें. ज्यानें वर्षानुवर्षें आपल्या हातानें मातीस पाणी पाजलें आहे, ती कोठें भुगा होईल आणि कोठें चेंडू धरून ठेवील हें ज्याच्या तळव्यांस ठाऊक आहे, त्या डावखुऱ्या संथ गोलंदाजास टप्पा शोधावा लागत नाहीं. टप्पा त्याचा शेजारी असतो. पडद्यामागचें ज्ञान पडद्यापुढें आलें तर काय होतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

बाळूंचें आत्मचरित्र आपल्यापुढें नाहीं. त्यांचे बंधु विठ्ठल यांनीं मात्र 'माझें क्रीडा-जीवन' हें पुस्तक १९४८ सालीं मराठींत प्रसिद्ध केलें. हे तेच विठ्ठल, ज्यांस जातीमुळें हिंदु संघाचें नायकत्व नाकारलें गेलें म्हणून १९२० सालीं त्यांनीं व बंधु शिवराम यांनीं संघांतून माघार घेतली, आणि ज्यांस अखेर १९२३ सालीं तो मान मिळाला. रामचंद्र गुहा यांनीं २००२ सालीं या बंधूंची कथा इंग्रजी वाचकांपुढें मांडली, तेव्हां त्यांस विठ्ठलांच्या या मराठी पुस्तकाचा आधार घ्यावा लागला. मराठी टीकाकारांस मात्र मधल्या अर्धशतकांत त्याची फारशी आठवण झाली नाहीं. दलित आत्मकथनांची चर्चा आम्ही १९७० नंतर सुरू झालेली धरतों. त्याच्या कितीतरी आधीं एका चांभार खेळाडूनें आपलें जीवन स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवलें होतें, ही नोंद आमच्या वाङ्मयेतिहासांत ठळकपणें असावयास नको काय? तें 'खेळाचें पुस्तक' म्हणून वेगळ्या फळीवर ठेवलें गेलें. फळ्यांची ही मांडणीहि एक प्रकारची सोंवळेंओंवळेंच आहे.

आतां पुन्हां वानखेडे मैदानाकडे वळूं. १९७५ च्या त्या पहिल्या सामन्यांत क्लाइव्ह लॉइडनें नाबाद २४२ धावा केल्या, हें सर्वांच्या लक्षांत आहे. त्याच सामन्यांत त्या मैदानावरचें पहिलें भारतीय कसोटी शतक एकनाथ सोलकर यांनीं केलें,—धावा १०२. त्यांच्या आयुष्यांतलें तें एकमेव कसोटी शतक. हे सोलकर कोण? ज्या हिंदु जिमखान्याकडून बाळू खेळले, त्याच जिमखान्याच्या माळ्याचे हे चिरंजीव. मैदानाच्या कडेच्या एका खोलीच्या झोंपडींत ते वाढले. सामने चालू असतां धावफलकावरचे आंकडे बदलण्याचें काम त्यांनीं केलें. पुढें २७ कसोटी सामन्यांत फलंदाजाच्या पुढ्यांत उभें राहून त्यांनीं ५३ झेल घेतले. तिकिटांच्या भांडणांतून अध्यक्षांनीं बांधलेल्या मैदानावर पहिलें भारतीय शतक ज्याच्या हातून झालें, त्याच्या बापाला अशा मैदानावर काम होतें, आसन नव्हतें! चाणक्याच्या शेंडीपुढें ही कथा किती तरी मोठी आहे. पण तींत अपमानाचा प्रसंग नाहीं, प्रतिज्ञा नाहीं, म्हणून तिला सांचा मिळाला नाहीं, आणि सांचा मिळाला नाहीं म्हणून ती ग्रंथरूपास आली नाहीं.

२ एप्रिल २०११ रोजीं याच मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्यासाठीं प्रेक्षागार जवळ जवळ नव्यानें बांधलें होतें आणि खेळपट्टी सुधीर नाईक यांच्या देखरेखीखालीं सिद्ध झाली होती. नाईक स्वतः तीन कसोटी सामने खेळलेले, आणि १९७०-७१ सालीं मुंबईस रणजी करंडक मिळवून देणारे कर्णधार. असा मनुष्य उतारवयांत मातीची सेवा पतकरतो, यांत आम्हांस बाळूंच्या कथेचें उलटें प्रतिबिंब दिसतें: एक मातींतून खेळाकडे गेला, दुसरा खेळांतून मातीकडे आला. त्या रात्रीं श्रीलंकेच्या २७४ धावा भारतानें सहा गडी राखून ओलांडल्या. शंभर षटकें खेळपट्टीनें कोणाचाहि पक्षपात केला नाहीं. म्हणून दुसऱ्या दिवशीं तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाहीं. पुढें ऑक्टोबर २०१५ मध्यें दक्षिण आफ्रिकेनें तेथेंच ४३८ धावा करून भारतास २१४ धावांनीं हरविलें, तेव्हां मात्र खेळपट्टीवरून असा वाद उसळला कीं नाईकांचें नांव घरोघरीं पोंचलें. तयारी करणाऱ्याच्या प्रारब्धाचें हें सूत्रच आहे. त्याचें काम निर्दोष झालें तर तें अदृश्य होतें. तें दिसूं लागतें तें दोषामुळेंच.

आणि तिकिटें? २०११ च्या त्या सामन्यास सुमारें ३३,००० जागा होत्या. त्यांतल्या सर्वसाधारण लोकांस विकण्यासाठीं निघालीं सुमारें ४,०००. बाकीचीं क्लब, संस्था, अधिकारी, पुरस्कर्ते यांच्यांत वांटलीं गेलीं. तिकिटें मिळालीं नाहींत म्हणून जें मैदान बांधलें, त्यावरच लोकांस तिकिटें मिळेनात! अपमानांतून जन्मलेल्या संकल्पाची मर्यादा येथें कळते. त्याला स्वतःसाठीं दार हवें असतें. दार ही वस्तुच सर्वांसाठीं असते हें त्यास सुचत नाहीं.

मग लेखकानें करावें काय? प्रत्येक माळ्याचें नांव छापून पुस्तकाच्या शेवटीं याद जोडावी, असें आमचें म्हणणें नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें वानखेडे मैदानास ५० वर्षें पुरीं झालीं, तेव्हां मुंबई क्रिकेट संघटनेनें नामांकित खेळाडूंबरोबर मैदानसेवकांचाहि सत्कार केला, आणि सोलकरांचें स्मरणहि केलें. हें उचित झालें. पण सत्कार ही कृतज्ञता आहे, वाङ्मय नव्हे. वाङ्मयाचें काम तें ज्ञान शब्दांत आणण्याचें. यांतली अडचण आम्ही नाकारीत नाहीं. ज्या कामाची पूर्णता अदृश्य होण्यांत आहे, तें दृश्य कसें करावें? संस्कृतांत नेपथ्य म्हणजे पडद्याआडची, वेष करण्याची जागा. मराठी रंगभूमीवर त्याच शब्दाचा अर्थ पालटून पडद्यापुढें दिसणारी सजावट असा झाला. आमच्या क्रीडालेखनांतहि तेंच घडलें आहे: मागचें म्हणून जें सांगितलें जातें तें पुढचेंच सजविलेलें असतें. यावर उपाय एकच दिसतो. लेखकानें सामन्याच्या आदल्या दिवशींच्या पहांटे मैदानावर जावें, जेव्हां काय होईल हें कोणासच ठाऊक नसतें. निकाल ठाऊक झाल्यावर लिहिलेली तयारीची हकीकत ही तयारीची राहत नाहीं, विजयाची प्रस्तावना बनते. ओल राहिली तर? आभाळ आलें तर? दार वेळेवर उघडलें नाहीं तर? या 'तर'मध्यें तयारी करणाऱ्याचें सारें आयुष्य असतें, आणि तोच 'तर' आमच्या हकीकतींतून गळालेला आहे.

लेखाच्या आरंभीं आम्ही कोंकणांतल्या मानाची गोष्ट सांगितली, ती कोंकणाची फुशारकी मारण्यासाठीं नव्हे. त्या मानाचें दुसरें अंग आम्हांस ठाऊक आहे. ज्याचा ढोल त्याचा ढोलच. त्याला खांदा नाहीं. मान हा जन्मानें मिळतो आणि जन्मानेंच अडतो. ज्या रत्नागिरींत १९३१ सालीं पतितपावन मंदिर सर्व हिंदूंस उघडें करावें लागलें, तेथील मनुष्यानें गांवकीच्या वांटणीचे गोडवे गाणें शोभत नाहीं. बाळू त्या वांटणींत राहिले असते तर त्यांच्या वांट्यास काय आलें असतें, हें सांगावयास नको. परंतु त्या जुन्या व्यवस्थेंत एक गोष्ट खरी होती: सहाण कोणी सारवली हें गांवास माहीत असे, आणि तें विसरणें हा अपराध गणला जाई. नव्या मैदानांनीं जन्माची अट सैल केली. तिच्याबरोबर आठवणहि सैल केली. जन्माची अट जावी आणि आठवण राहावी, एवढेंच मागणें आहे; आणि आठवण राखणें हें अध्यक्षांचें काम नव्हे, लेखकांचें आहे.

साळव्यांनीं आपल्या वांट्याचें लिहून ठेवलें. विठ्ठलांनीं आपल्या वांट्याचें लिहून ठेवलें. एकानें खुर्चींतून, दुसऱ्यानें खेळपट्टीवरून. या दोहोंच्या मधें, रुळाच्या दांड्यास धरून, एक तिसरा मनुष्य उभा आहे. त्याचें पुस्तक मराठींत अद्याप यावयाचें आहे.